पॅकेट मागेपुढे येतायत? केबल बदलण्याआधी हे बघा

लिनक्स मशीनवर लिंक अप, एररचे काउंटर शून्य, पिंग एकसारखा. तरी मोठी फाइल हलवायला घेतली की वेग मधेच बसतो. आमच्या टीममधली पोरं लगेच केबल काढायला धावतात. मी त्यांना आधी टर्मिनलसमोर बसवतो. पॅकेट हरवलंय की नुसतं मागाहून आलंय, हे ठरल्याशिवाय रॅकला हात लावायचा नाही.

टीसीपीचा (डेटा क्रमाने आणि पोच घेत पाठवणाऱ्या प्रोटोकॉलचा) जुना नियम असा, की ३ डुप्लिकेट अ‍ॅक (तीच पोच पुन्हा सांगणारे संदेश) आले की पाठवणारा पॅकेट हरवलं असं धरतो, पुन्हा पाठवतो आणि वेग कमी करतो. घेणाऱ्या मशीनवर 'एनस्टॅट' या नेटवर्कचे काउंटर दाखवणाऱ्या कमांडमध्ये 'टीसीपीओएफओक्यू' (क्रम सोडून आलेल्या पॅकेटांचा काउंटर) वाढताना दिसेल, पण त्यावर भाळू नका. पॅकेट खरोखर हरवलं तरी तो वाढतोच. निकाल पाठवणाऱ्याकडे लागतो. तिथे 'टीसीपीडीसॅकरिसीव्ह' (डेटा दुसऱ्यांदा आला, असे घेणाऱ्याचे निरोप) आणि 'टीसीपीसॅकरीऑर्डर' (क्रम मोडल्याचं किती वेळा ओळखलं) हे काउंटर वाढत असतील, कनेक्शनची माहिती देणाऱ्या 'एसएस -टीआय' कमांडमध्ये 'रीऑर्डरिंग'चा आकडा ३ च्या वर दिसत असेल, तर पॅकेट पोचत होतं, फक्त क्रम मोडत होता.

आता पहिला संशयित बाँडिंग, म्हणजे दोन पोर्ट जोडून एकासारखे वापरणं. 'प्रॉक'खालच्या 'नेट/बाँडिंग'मधली फाइल उघडा आणि मोड वाचा. 'राउंड-रॉबिन' लिहिलेलं असेल तर पुढचा तपास थांबवा. हा मोड एकाच कनेक्शनची पॅकेटं आळीपाळीने दोन्ही पोर्टांवर वाटतो आणि दोन्हीकडच्या रांगा सारख्या कधीच नसतात. गंमत म्हणजे मोड दिलाच नाही तर लिनक्स हाच धरतो, त्यामुळे कोणी मुद्दाम निवडलेला नसतो. स्विचवर एलएसीपी (पोर्ट एकत्र जोडायचा प्रोटोकॉल) असेल तर त्याचाच '८०२.३एडी' मोड लावा, नसेल तर 'अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप' (एक पोर्ट चालू, दुसरा राखीव). मग एका कनेक्शनला एकाच पोर्टाचा वेग मिळेल, आणि 'दोन १० गिगाबिट म्हणजे २०' असं सांगून बसलेला मॅनेजर नाराज होईल. होऊ दे. मोड बदलताना बाँड खाली आणावा लागतो, तेव्हा हे काम कन्सोलवरून करा; त्याच पोर्टावरून एसएसएच करून नाही.

बाँड नसेल आणि कार्ड इंटेलचं ८२५९९ असेल, तर दुसरा संशयित कार्डातच आहे. त्यातल्या फ्लो डायरेक्टर या भागाची एटीआर सोय बाहेर जाणारी पॅकेटं बघून प्रोग्राम प्रोसेसरच्या कुठल्या कोअरवर आहे ते ओळखते आणि आत येणारी पॅकेटं त्याच कोअरच्या रांगेत टाकते. कर्नलच्या शेड्युलरने प्रोग्राम दुसऱ्या कोअरवर हलवला की रांगही बदलते. जुन्या रांगेतली पॅकेटं अजून उचललेली नसतात, तोवर नवीतली पुढे निघून जातात. २०११ साली अमेरिकेतल्या फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी नेमकं हेच मांडलं होतं. पडताळणी सोपी आहे: 'टास्कसेट' कमांडने प्रोग्राम एका कोअरला बांधा. पाठवणाऱ्याकडचे ते काउंटर वाढायचे थांबले तर चोर सापडला. ८२५९९ च्या 'आयएक्सजीबीई' ड्रायव्हरवर 'ईथटूल'ला (कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या कमांडला) कॅपिटल के देऊन 'एनटपल ऑन' केलं की एटीआर बंद होतं. इंटेलच्या नंतरच्या कार्डांच्या 'आय४०ई' ड्रायव्हरवर त्यासाठी 'फ्लो-डायरेक्टर-एटीआर' हा प्रायव्हेट फ्लॅग (त्या ड्रायव्हरची खास सेटिंग) आहे.

यूडीपीची (पोच न घेता पाठवणाऱ्या प्रोटोकॉलची) तक्रार असेल आणि त्याचे डेटाग्राम एमटीयूपेक्षा (एका पॅकेटच्या कमाल आकारापेक्षा) मोठे असतील, म्हणजे तुकडे होऊन जात असतील, तर 'ईथटूल'मध्ये 'यूडीपी४'चा 'आरएक्स-फ्लो-हॅश' (पॅकेट कुठल्या रांगेत टाकायचं ते ठरवणारा हिशोब) बघा. पोर्ट नंबर फक्त पहिल्या तुकड्यात असतो. हॅशमध्ये पोर्ट नंबर धरले असतील तर तो तुकडा एका रांगेत जातो आणि बाकीचे दुसऱ्या. हॅश 'एसडी' करा, म्हणजे फक्त दोन्ही आयपी धरले जातील.

एवढं करूनही क्रम मोडतोय? मग स्विचच्या मिरर पोर्टावर (दुसऱ्या पोर्टाची नक्कल देणाऱ्या पोर्टावर) पॅकेटं पकडा. मशीनवरचा 'टीसीपीडम्प' हा पॅकेटं पकडणारा प्रोग्राम रांगांच्या नंतरचं चित्र दाखवतो, त्यावरून नेटवर्कवाल्यांशी भांडायला जाऊ नका.

'टीसीपी_रीऑर्डरिंग' (पॅकेट किती मागेपुढे झालेलं चालवून घ्यायचं, ती कर्नलची सेटिंग) वाढवून बघा, असा सल्ला हमखास मिळेल. मी तो ऐकत नाही. कर्नल ही मर्यादा गरजेप्रमाणे स्वतःच वाढवतो आणि हाताने वाढवली तरी क्रम मोडायचा तसा मोडतच राहतो.

शेवटचं काम: 'ईथटूल'ने केलेले बदल रीबूटनंतर उडतात. नेटवर्कमॅनेजरच्या प्रोफाइलमध्ये किंवा बूटच्या स्क्रिप्टमध्ये ते लिहून ठेवा.