पीसीओएसच्या जेनेटिक्सवर पीएचडी करायचीय? मग जीनच्या आधी पाळीची तारीख नीट घ्यायला शिका

एमएस्सी झालेल्या, नेट किंवा आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जेआरएफ ही फेलोशिप मिळालेल्या बऱ्याच मुलामुलींना प्रजननाच्या जेनेटिक्समध्ये, खास करून पीसीओएसवर (पाळी अनियमित होणारा, हार्मोन आणि अंडाशयाचा आजार) पीएचडी करायची असते, आणि पहिला प्रश्न असतो "कुठला जीन घेऊ?" माझं ठाम मत आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी पेशंट कोण, रक्त कधी घेणार, कशात मोजणार हे ठरवा कारण तिथे गडबड झाली तर पुढे कितीही महागडं सिक्वेन्सिंग करा, उपयोग नाही.

जागा निवडताना लॅबपेक्षा ओपीडी किती जवळ आहे ते बघा. मुंबईत परळची एनआयआरआरसीएच ही आयसीएमआरची प्रजनन-आरोग्य संशोधन संस्था आहे, केईएम हॉस्पिटल तिथून चालत अंतरावर. 1986 मध्ये केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली त्यामागे हीच जोडी होती, लॅबमधले शास्त्रज्ञ आणि वॉर्डातले डॉक्टर. गाइडला पहिल्याच भेटीत विचारा की सॅम्पल कुठून येणार आणि तिथल्या गायनॅकशी बोलणं झालंय का.

आता पेशंट. नुसतं "पीसीओडी आहे" (पीसीओएसलाच बरेचजण असं म्हणतात) असं फाइलवर लिहिलंय म्हणून घेऊ नका. 2003 चे रॉटरडॅम निकष आहेत, तीनपैकी दोन हवेत: अनियमित पाळी, अँड्रोजन म्हणजे पुरुषी हार्मोन जास्त (रक्तात किंवा अंगावरच्या केसांवरून), आणि सोनोग्राफीत बरेच छोटे फॉलिकल (अंड्याच्या पिशव्या) असलेलं अंडाशय. 2023 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनप्रमाणे प्रौढ बायकांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच (छोट्या फॉलिकलमधून येणारं हार्मोन) चालतं. त्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि 17-ओएच प्रोजेस्टेरॉन बघून बाकीचे आजार बाजूला काढायचे. कोणते दोन निकष जुळले ते प्रत्येकीच्या फॉर्मवर वेगळं लिहा, कारण अँड्रोजन जास्त असलेली आणि नसलेली पेशंट एकाच ढिगात टाकली की खरा फरक पुसला जातो.

हिस्टरी घेताना घाई नको. सासू शेजारी बसली असेल तर बरंच काही सांगितलं जात नाही, म्हणून शक्यतो एकटीशी बोला, संमतीपत्र मराठीत वाचून दाखवा. शेवटची पाळी कधी आली विचारलं तर तारीख आठवत नाही, पण "पाडव्याच्या आधी की नंतर?" असं विचारलं की पटकन सांगतात. आणि एक प्रश्न न चुकता विचारा, गणपती, पूजा, लग्न यासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती का? त्या नॉरएथिस्टेरॉनच्या गोळीला बायका औषध समजतच नाहीत त्यामुळे "काही औषध चालू आहे का" याचं उत्तर नाही असंच येतं, आणि तुमचे एलएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन), एसएचबीजी (रक्तात अँड्रोजनला धरून ठेवणारं प्रोटीन) यांचे आकडे मात्र बदललेले असतात. गर्भनिरोधक गोळ्या असतील तर बंद करून साधारण तीन महिने गेलेले हवेत, पण तुमच्या अभ्यासासाठी चालू औषध बंद करायला सांगायचं नाही, तो डॉक्टरांचा निर्णय. केसांसाठी बायोटिन घेतात का तेही विचारा, काही इम्युनोअ‍ॅसे (अँटिबॉडी वापरून मोजणाऱ्या चाचण्या) त्याने सरळ चुकतात.

रक्त पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सकाळी, उपाशीपोटी. पाळीच येत नसेल तर सोनोग्राफीत मोठा फॉलिकल नाही हे बघून घ्या, सोबत प्रोजेस्टेरॉन मोजा. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये डीएनएसाठी, राखाडीत साखरेसाठी, साध्या ट्यूबमधलं सीरम हार्मोनसाठी. रक्त फुटलं (लाल पेशी फुटल्या) असेल तर त्यातलं इन्सुलिन मोजू नका, लाल पेशींतलं एन्झाइम ते तोडतं. सीरमचे लगेच छोटे भाग करून उणे 80 ला ठेवा म्हणजे परत परत वितळवायला लागणार नाही. आणि टेस्टोस्टेरॉनसाठी गाइडशी भांडा पण मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वस्तुमानावरून ओळखून मोजणारं तंत्र) मिळवा, बायकांमध्ये प्रमाण इतकं कमी असतं की साध्या इम्युनोअ‍ॅसेवर विश्वास ठेवता येत नाही.

आता जीन. 2011 मध्ये चीनमधल्या हान स्त्रियांच्या जीवॅसमध्ये (पूर्ण जीनोम चाळणारा अभ्यास) एलएचसीजीआर, थाडा, डेंडवनए या जीनचे भाग पीसीओएसशी जोडलेले सापडले पण त्यांना हजारो सॅम्पल लागले, कारण एकेका बदलाचा परिणाम छोटा असतो. पीएचडीत तेवढे मिळत नाहीत. म्हणून आजार आहे की नाही यापेक्षा हार्मोनचा आकडा धरा, तो जीनच्या जास्त जवळ असतो. एफएसएचआर म्हणजे एफएसएच (फॉलिकल वाढवणारं हार्मोन) याच्या रिसेप्टरचा जीन, त्याच्या प्रोटीनच्या 680 व्या जागेवर दोन्ही प्रतींत सेरीन हे अमिनो आम्ल असलेल्या बायकांमध्ये एफएसएच जास्त असतं आणि आयव्हीएफमध्ये इंजेक्शनचा डोस जास्त लागतो असं दिसलंय, असा प्रश्न कमी सॅम्पलमध्येही विचारता येतो. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या आजार नसलेल्या बायका, त्याच वयाच्या आणि त्याच समाजांतल्या हव्यात. आपल्याकडे जातीतच लग्नं होतात, त्यामुळे पेशंट एका समाजाच्या आणि कंट्रोल दुसऱ्या असल्या तर तुम्हाला आजाराचा नाही, समाजाचा फरक सापडेल. कंट्रोलमध्ये हार्डी-वाइनबर्ग (जीनच्या प्रतींचं अपेक्षित प्रमाण) बसत नसेल तर आधी जीनोटायपिंग, म्हणजे कोणाकडे कुठली प्रत आहे ते वाचणं, तपासा.

एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी एकही सॅम्पल नको. परदेशी पाठवायचं असेल तर वेगळी परवानगी लागते, तिचा अर्ज आधीच टाकून ठेवा. आणि प्रोटोकॉलमध्येच लिहा की साखर, थायरॉइड, 17-ओएचचे रिपोर्ट प्रत्येकीला परत मिळतील, कोणी फोन करणार आणि कुठल्या ओपीडीत पाठवणार हेसुद्धा.