हिवाळ्यात जमलेलं ओव्हरक्लॉक मे महिन्यात का कोसळतं? बजेट ग्राफिक्स कार्डवाल्यांनो, या चुका टाळा

मे महिन्यात अकोल्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, कार्ड गेलं वाटते." गेम सुरू केला की वीसेक मिनिटांत स्क्रीन काळी व्हायची, मग डेस्कटॉप दिसायचा आणि कोपऱ्यात ड्रायव्हरची तक्रार. कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०, जुनं ४ जीबी जीडीडीआर५ (मेमरीचा एक प्रकार) वालं. डिसेंबरच्या सुट्टीत त्याने ते ओव्हरक्लॉक केलं होतं, म्हणजे मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने पळवलं होतं. कोअर क्लॉक (चिपचा वेग) +१५० मेगाहर्ट्झ, मेमरी +७०० असं ठोकलं होतं आणि सगळा हिवाळा ते बिनबोभाट चाललं होतं.

कार्डाला काहीच झालं नव्हतं. खोली स्लॅबखालची, बाहेर ४४ अंश. डिसेंबरात जे कार्ड ६८ अंशांवर खेळत होतं ते आता ८३ला टेकत होतं. चिप जितकी गरम, तितकं त्याच वेगाला टिकून राहणं तिला कठीण जातं. डिसेंबरात आकडा काठावर उभा होता, उन्हाने फक्त ढकललं.

म्हणून पहिली चूक हीच, थंडीत चाचणी करून वर्षभर निर्धास्त राहणं. आपल्याकडे आकडा मे महिन्याच्या दुपारी ठरवावा. ते शक्य नसेल तर हिवाळ्यात जो शेवटचा स्थिर आकडा मिळेल त्यातून ४०-५० मेगाहर्ट्झ आधीच कमी करून ठेवा. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. +१५० म्हणजे ठरावीक वेग नव्हे. त्या आकड्याने व्होल्टेज आणि वेगाचा सगळा आलेखच वर सरकतो. एनव्हिडियाचं कार्ड तापमान बघून स्वतःचा वेग साधारण १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी कमी-जास्त करत असतं. त्यामुळे तोच +१५० गार खोलीत वेगळा वेग देतो आणि तापलेल्या खोलीत वेगळा.

आधी बघा, अडतंय कुठे

एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) टाकलं की लोकांचा हात थेट स्लायडरवर जातो. त्याआधी गेम चालू असताना स्क्रीनवर चार आकडे लावा: जीपीयू (कार्डाची चिप) वापर, तापमान, व्हीरॅम (कार्डाची मेमरी) वापर आणि फ्रेमटाइम (एक फ्रेम तयार व्हायला लागणारा वेळ). (आफ्टरबर्नर कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. २०२१ मध्ये हुबेहूब नकली साइटवरून मालवेअर वाटलं जात होतं, तेव्हा कंपनीलाच इशारा द्यावा लागला होता.)

जीपीयू वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तुम्ही फ्रेमला मर्यादा लावलेली नसेल, तर कार्ड बिचारं रिकामं बसलंय. अडथळा प्रोसेसरचा किंवा रॅमचा आहे. स्वस्त पीसीत ८ जीबीची एकच स्टिक सर्रास असते. तशीच दुसरी लावून ड्युअल चॅनल केलं (दोन्ही स्टिक एकत्र चालवल्या) तर जो फरक पडतो तो +१००ने पडत नाही. व्हीरॅम ४ जीबीला भिडली असेल आणि गेम अधूनमधून अडखळत असेल, तर गेमच्या सेटिंगमधलं टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) एक पायरी खाली आणा. भरलेली मेमरी क्लॉक वाढवून रिकामी होत नाही.

७५ वॅटची भिंत

१६५०च्या बऱ्याच कार्डांना वेगळी पॉवर केबल नसते. सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधून येते आणि स्लॉटची मर्यादा ७५ वॅट. अशा कार्डांत पॉवर लिमिटचा स्लायडर बहुधा १०० टक्क्यांच्या पुढे जातच नाही. मग तुम्ही कोअरला कितीही रेटा, कार्ड भिंतीला धडकतं आणि वेग आपोआप खाली आणतं. भाच्याच्या +१५०मधून जड प्रसंगात प्रत्यक्ष हाती येत होते जेमतेम ४० मेगाहर्ट्झ. भिंत पाडायला कुणी दुसऱ्या कार्डाचं बायोस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) चढवायला सांगितलं तर हात जोडा.

यावर उतारा उलटा आहे: व्होल्टेज कमी करायचं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की आलेख उघडतो. आम्ही ९०० मिलिव्होल्टच्या ठिपक्यावर १८०० मेगाहर्ट्झ ठेवले आणि त्यापुढची रेघ सपाट केली. तेवढ्याच विजेत वेग टिकून राहू लागला. तुमच्या कार्डाला हेच आकडे मानवतील असं नाही, एकाच मॉडेलच्या दोन चिपाही सारख्या नसतात. १८०० वर कोसळलं तर १७७० करून बघा.

मेमरी गपचूप दगा देते

कोअर जास्त झाला तर गेम कोसळतो, निदान कळतं तरी. मेमरीचं तसं नाही. जीडीडीआर५मध्ये डेटा नेताना चूक झाली तर ती पकडून डेटा पुन्हा पाठवायची सोय असते. त्यामुळे मेमरी मर्यादेबाहेर गेली तरी लगेच काही कोसळत नाही, पुन्हा पुन्हा पाठवण्यात वेळ जातो आणि फ्रेम उलट घटतात. आकडा वर गेलेला दिसतो म्हणून आपण खूश!

भाच्याच्या कार्डावर मी १००-१००ने चढत बेंचमार्क (वेग मोजून स्कोअर देणारी चाचणी) लावला. +४००पर्यंत स्कोअर वाढला, +५००ला जागच्या जागी, +७००ला चक्क मूळ स्कोअरच्याही खाली. म्हणजे पोराने सगळा हिवाळा तोट्यात काढला होता. तरी या कार्डात मेमरीवर मेहनत घेणं फायद्याचं आहे, कारण मूळची बँडविड्थ (मेमरीतून डेटा वाहण्याचा वेग) सेकंदाला १२८ जीबीच आहे. नंतर आलेल्या जीडीडीआर६ आवृत्तीत ती १९२ आहे.

चमकणारे ठिपके, लांबट त्रिकोण किंवा भलतेच रंग दिसू लागले तर "थोडंच तर आहे" म्हणू नका, लगेच मागे या.

फरमार्क अर्धा तास चालला म्हणजे पास?

नाही. फरमार्क हे ताण-चाचणीचं सॉफ्टवेअर कार्डाला इतकं राबवतं की ते पॉवरच्या भिंतीला टेकून वेग खाली आणतं. म्हणजे जो वरचा वेग तपासायचा, तो तिथे येतच नाही. खरी परीक्षा हलक्या-जड प्रसंगांची सरमिसळ असलेल्या गेमची, तासभर तरी. युनिजिन सुपरपोझिशन हा बेंचमार्क आकडे ताडून बघायला चांगला आहे.

चाचणी पुरी होईपर्यंत "विंडोज सुरू होताच लागू करा" हे बटण दाबू नका. आधीच दाबून बसला असाल आणि पीसी सुरू होताच अडकत असेल, तर सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढून टाका. कार्डाने दोनेक सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हरला पुन्हा उठवते. काळी स्क्रीन होऊन डेस्कटॉप परत येणं ते हेच.

कूलरसमोर कॅबिनेट

ही खास आपल्या विदर्भ-खानदेशातली चूक. उकाड्यात भाच्याने कॅबिनेटची बाजू उघडून ते वाळ्याच्या कूलरपुढे सरकवलं होतं. हवा गार खरी, पण ओली. कार्ड काढलं तर हीटसिंकच्या पात्यांत धूळ आणि ओल मिळून शेणानं सारवल्यासारखा थर बसला होता. पंखा अडवून धरून ब्रशने तो काढला, थर्मल पेस्ट बदलली आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं. एवढ्यानेच ६ अंश उतरले, एकही स्लायडर न हलवता. साफ करताना ब्लोअरच्या झोताने पंखा गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग जातं.

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बिननावाचा, कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल, तर ओव्हरक्लॉकचा विचारच सोडा.

शेवटी भाच्याच्या पीसीवर राहिलं ते असं: १८०० मेगाहर्ट्झ ९०० मिलिव्होल्टवर, मेमरी +४००, टेक्स्चर एक पायरी खाली आणि रिवाट्यूनर या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमला ६०ची मर्यादा, कारण मॉनिटरच ६० हर्ट्झचा. दुपारी दोनला, कूलर बंद ठेवून तासभर खेळलो. तापमान ७४वर थांबलं, फ्रेमटाइमची रेघ जवळपास सरळ.

"पण मामा, कोअर तर वाढवलाच नाही आपण," तो जरा हिरमुसून म्हणाला. त्याला मित्रांना स्क्रीनशॉट पाठवायचा होता.