साप्पोरोहून नाहाला बिऱ्हाड हलवताना

जानेवारीत दारासमोरचा बर्फ तिसऱ्यांदा उपसून झाला की जपानच्या उत्तरेकडच्या साप्पोरोत राहणारा परदेशी माणूस हमखास दक्षिणेकडच्या ओकिनावातल्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती चाळू लागतो. चाळायला हरकत नाही, पण आधी नेमकं काय नको झालंय ते ठरवा. गारठा, बर्फ उपसणं, की दिवसेंदिवस न दिसणारं ऊन? तिन्हींवरचा इलाज एकाच गावात मिळेल असं नाही.

ओकिनावाच्या नाहा या मुख्य शहराचं जानेवारीचं सरासरी तापमान १७ अंशांच्या आसपास असतं, साप्पोरोचं उणे ३. म्हणजे गारठा आणि बर्फ दोन्ही सुटले. ऊन मात्र सुटत नाही. जानेवारीभरात साप्पोरोला साधारण ९० तास ऊन मिळतं आणि नाहाला ९३. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारा कोरडा वारा उबदार समुद्रावरून ओलावा उचलत ओकिनावापर्यंत पोचतो आणि आभाळ दिवसचे दिवस झाकोळून टाकतो. हिवाळ्यातल्या करड्या आभाळानं ज्यांचं मन खचतं, त्यांनी क्यूशूतलं मियाझाकी किंवा शिकोकूतलं कोची बघावं. तिथे डोंगर ढग अडवतात, त्यामुळे जानेवारीत नाहाच्या जवळजवळ दुप्पट ऊन मिळतं. तिथलं तापमान मात्र ७-८ अंशच असतं आणि क्यूशू-शिकोकूतली जुनी घरं पातळ भिंतींची, एकेरी काचेची असतात. होक्काइदोत, म्हणजे साप्पोरोच्या बेटावर, बाहेर उणे १० असताना घरात टीशर्टवर वावरण्याची सवय झालेल्याला तिथलं पहाटेचं स्वयंपाकघर जास्त झोंबतं.

पुढचं सगळं नाहा आणि आसपासच्या भागासाठी आहे.

राहून बघायचं असेल तर ऑक्टोबरात जाऊ नका. ऑक्टोबरातलं ओकिनावा कुणालाही आवडतं. एकदा फेब्रुवारीत जा आणि एकदा मेच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालणाऱ्या पावसाळ्यात, म्हणजे त्सुयूत. महिन्याच्या करारावर मिळणारं सामानासकटचं घर घ्या, हॉटेल नको. कपडे स्वतः धुवा, वाळवा, तिसऱ्या दिवशी त्यांचा वास घ्या. निर्णय त्यावर घ्यावा, समुद्रकिनाऱ्यावर नव्हे.

नोकरी आणि झाइर्यू

घर शोधण्याआधी उत्पन्नाचं बघा. २०२४ सालचं किमान वेतन होक्काइदोत ताशी १,०१० येन होतं, ओकिनावात ९५२. नाहात कार्यालयीन नोकऱ्या कमी आहेत, आणि ज्या आहेत त्यांत पर्यटन व कॉल सेंटर यांचा वाटा मोठा. खर्च मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. बराचसा माल जहाजानं येतो, आणि ओकिनावाचं वीजजाळं मुख्य भूमीशी जोडलेलं नसल्यानं तिथलं वीजबिलाचं गणितच वेगळं. सध्याच्या कंपनीकडून घरून काम करण्याची परवानगी मिळवणं हाच सर्वांत सोपा मार्ग. ती तोंडी नको, कागदावर घ्या.

नोकरी बदलणार असाल तर झाइर्यू शिकाकू, म्हणजे निवासाचा दर्जा, कोणता आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. ‘गिजिन्कोकु’वाल्यांनी, म्हणजे अभियंते, भाषांतरकार अशा कामांच्या दर्जावाल्यांनी, जुनी नोकरी सोडल्यावर १४ दिवसांत आणि नवी धरल्यावर पुन्हा १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं. ते ऑनलाइन होतं. नव्या कामाचं स्वरूप दर्ज्यात बसतं की नाही याची शंका असेल तर ‘शूरो शिकाकू शोमेइशो’साठी, म्हणजे ते काम दर्ज्यात बसतं या दाखल्यासाठी, अर्ज करा, नाहीतर प्रश्न थेट नूतनीकरणाच्या वेळी उभा राहतो. ‘तोकुतेइ गिनो’ (विशिष्ट कौशल्य) किंवा ‘कोदो सेन्मोन्शोकु १’ (उच्च कौशल्य) हा दर्जा असणाऱ्यांना नुसतं कळवून भागत नाही. त्यांना कंपनी बदलताना दर्जाबदलाची परवानगीच घ्यावी लागते, आणि ती हातात येईपर्यंत नव्या ठिकाणी काम सुरू करता येत नाही. ‘आधी जाऊ, मग नोकरी बघू’ हा बेत वर्क व्हिसावर धोक्याचा आहे, कारण योग्य कारणाशिवाय ३ महिने ठरलेलं काम न केल्यास दर्जा रद्द होऊ शकतो.

घर निवडताना

ओकिनावातल्या इमारती बहुतेक काँक्रीटच्या, वादळांना तोंड देण्यासाठी बांधलेल्या. काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्री ती उष्णता आत सोडतं, म्हणून सर्वांत वरचा मजला टाळा. पश्चिमेकडे मोठी खिडकी असलेली खोलीही नको. समुद्र दिसणारं घर फोटोत छान दिसतं, पण खारा वारा एसीचं बाहेरचं युनिट, सायकलची साखळी, दाराच्या बिजागऱ्या काहीच सोडत नाही. मधला मजला, किनाऱ्यापासून आत, दोन बाजूंनी खिडक्या: दिसायला साधं, राहायला उत्तम.

एजंटला पाच गोष्टी विचारा. एसी घरमालकाचा आहे का, आणि बिघडला तर दुरुस्ती कुणाची? गॅस शहरी नळाचा की सिलिंडरचा एलपी? गच्चीवर पाण्याची टाकी आहे का, ती शेवटची कधी धुतली? पार्किंग भाड्यात धरलंय का? खिडक्यांना शटर आहेत का? टाकीचा प्रश्न उगाच नाही. १९८१-८२ मध्ये ओकिनावात ३२६ दिवस पाणीकपात चालली होती, गच्च्यांवरच्या टाक्या त्याच टंचाईच्या काळांची आठवण आहेत.

साप्पोरोतल्या घराची नोटीस साधारण १ महिना आधी द्यावी लागते. काही करारांत २ महिने लिहिलेले असतात, म्हणून करार काढून वाचा. मार्च-एप्रिलमध्ये हिक्कोशी, म्हणजे घरसामान हलवणाऱ्या, कंपन्यांचे दर चढतात आणि तारखाही मिळत नाहीत. नोव्हेंबर सगळ्यांत सोयीचा: वादळं ओसरलेली असतात, साप्पोरोत बर्फ अजून बसलेला नसतो, आणि पुढच्या पावसाळ्याआधी घर ओळखीचं करून घ्यायला सहा महिने मिळतात.

काय न्यायचं, काय विकायचं

इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. जपानच्या पूर्व भागात वीज ५० हर्ट्झची, पश्चिम भागात ६० ची. १८९० च्या दशकात तोक्योनं जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकानं अमेरिकन, तेव्हापासूनची ही फाळणी. होक्काइदो ५० मध्ये मोडतं, ओकिनावा ६० मध्ये. उपकरणाच्या मागच्या पट्टीवर ‘५०/६०’ लिहिलं असेल तर बिनधास्त न्या. फक्त ५० असेल तर नेऊ नका. जुने स्वस्त मायक्रोवेव्ह आणि साधी मोटर असलेली वॉशिंग मशिनं यात हटकून सापडतात. चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर ती कधी मुळीच चालत नाहीत, कधी चालतात पण जास्त तापतात, आणि हा दुसरा प्रकार जास्त वाईट.

गॅसच्या शेगडीचंही तसंच. साप्पोरोत नळाच्या गॅसची शेगडी असेल आणि नव्या घरात एलपी असेल तर ती जोडायचीच नाही. नोझल वेगळं असतं, ज्योत भडकते किंवा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. विकून टाका.

आर्द्रताशोषक यंत्र असेल तर त्याचा प्रकार बघा. होक्काइदोत खिडक्यांवरचं दव घालवायला लोक झिओलाइटवालं यंत्र घेतात. ते थंडीत चांगलं चालतं, पण आत हीटर असतो. ओकिनावाच्या जूनमध्ये ते खोली आणखी तापवतं आणि वीजही खातं. तिथे काँप्रेसरवालं लागतं. ह्युमिडिफायर, रॉकेलचा स्टोव्ह, बर्फाची फावडी, जाड गालिचे इथेच सोडा. लोकरी कोट एखादा पुरे. बाकीचे कपाटात बुरशी धरतील.

फ्रिज, वॉशिंग मशिन, टीव्ही आणि एसी या चार वस्तू ‘सोदाइ गोमी’त, म्हणजे पालिका उचलते त्या मोठ्या कचऱ्यात, जात नाहीत. त्यांना रिसायकल शुल्क आणि नेण्याचा खर्च वेगळा पडतो, म्हणून सेकंडहँड दुकानाला आधी विचारा.

एकट्या माणसाच्या सामानासाठी असलेली स्वस्त पेटीसेवा बऱ्याच कंपन्या ओकिनावाला देत नाहीत. मग दोनच पर्याय उरतात, जहाजाचा कंटेनर किंवा पार्सलं. मोठं फर्निचर नसेल तर पार्सलंच परवडतात. यू-पॅक या पोस्टाच्या पार्सलसेवेत लांबी, रुंदी, उंची मिळून १७० सेंमी आणि वजन २५ किलो ही मर्यादा आहे. चिठ्ठीवर ‘घरसामान’ असं मोघम लिहू नका. ‘पुस्तकं’, ‘सुती कपडे’ असं नेमकं लिहा. आत काय आहे ते कळलं नाही, किंवा स्प्रे, लायटर, सुटी लिथियम बॅटरी निघाली, तर पेटी विमानाऐवजी जहाजानं जाते आणि आठवडाभर तरी उशिरा पोचते. गादी आणि भांडी वेगवेगळ्या दिवशी पोचली की पहिले दिवस जमिनीवर जातात.

गाडी विकून जा, असंच सांगू. होक्काइदोच्या रस्त्यांवर टाकलेल्या मिठानं तळ आधीच गंजायला लागलेला असतो आणि ओकिनावाची हवा उरलेलं काम करते. बर्फावरचे स्टडलेस टायर, जास्त क्षमतेची बॅटरी, फोर-व्हील ड्राइव्ह यांचा तिथे उपयोग नाही. नाहातल्या अरुंद गल्ल्यांत केइ, म्हणजे छोट्या इंजिनाची, गाडी बरी. गाडीशिवाय राहायचं असेल तर घर युइ रेल या मोनोरेलच्या मार्गावर घ्या. विमानतळापासून तेदाको-उरानिशीपर्यंतची १९ स्थानकं एवढाच बेटावरचा रेल्वेमार्ग आहे. तरीही गाडी नेलीतच, तर पोचल्यावर आधी पोलिसांकडून पार्किंगचा दाखला काढा, मग उरासोएच्या वाहन कार्यालयात पत्ता आणि नंबरप्लेट बदला. त्याला १५ दिवसांची मुदत आहे.

साप्पोरोचं घर सोडताना

रॉकेलची ठरावीक मुदतीची डिलिव्हरी महिनाभर आधी बंद करा. घराबाहेरची टाकी साधारण ४९० लिटरची असते आणि टँकरवाला न विचारता भरून जातो. उरलेलं रॉकेल हिक्कोशीवाले उचलत नाहीत.

थंडीत निघणार असाल तर ‘मिझुनुकी’ नीट करा, म्हणजे नळातलं पाणी काढून टाकणं. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, मग घरातले सगळे नळ, गरम पाण्याचेसुद्धा, पूर्ण उघडा. शॉवर खाली ठेवा, संडासाची टाकी रिकामी होईपर्यंत दांडा धरून ठेवा, वॉशिंग मशिनचा नळही उघडा. गीझरचं पाणी त्याच्या पुस्तिकेप्रमाणे वेगळं काढा. नेहमीची चूक म्हणजे नुसता व्हॉल्व्ह बंद करून नळ मिटलेले ठेवणं. हवा आत शिरत नाही, पाणी पाइपात अडकून राहतं, रात्री गोठतं आणि पाइप फाटतो. किल्ली परत करेपर्यंत तो खर्च भाडेकरूच्याच अंगावर पडतो. वॉशिंग मशिन नेणार असाल तर तिच्या पंपातलं आणि नळीतलं पाणीही काढा, ट्रकमध्ये तेही गोठतं.

कागदपत्रं, याच क्रमानं

निघण्याआधी कुयाकुशोत (वॉर्ड कार्यालयात) ‘तेन्शुत्सु तोदोके’, म्हणजे गाव सोडत असल्याची नोंद, द्या. माय नंबर कार्ड हे सरकारी ओळखपत्र असेल तर हे ऑनलाइन होतं. नव्या घरात शिरल्यापासून १४ दिवसांत नाहाच्या शियाकुशोत (महापालिकेत) ‘तेन्न्यू तोदोके’, म्हणजे नव्या गावात आल्याची नोंद, द्यायला मात्र स्वतः जावं लागतं. कुटुंबातल्या प्रत्येकाचं झाइर्यू कार्ड आणि माय नंबर कार्ड, चार अंकी पिनसकट, सोबत न्या. नवा पत्ता झाइर्यू कार्डाच्या मागे छापून मिळतो, इमिग्रेशनला वेगळं जायची गरज नाही. हे ९० दिवस लांबवलं तर दर्जा रद्द होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. पत्ता बदलला की माय नंबर कार्डातलं सहीचं ई-प्रमाणपत्र आपोआप बाद होतं. ते त्याच खिडकीवर नवं करून घ्या, नाहीतर कर भरताना आठवण होईल.

राष्ट्रीय आरोग्यविमा असेल तर तोही त्याच दिवशी. कंपनीचा विमा असेल तर पत्ता कंपनीला कळवला की झालं. मग लायसन्सचा पत्ता पोलीस ठाण्यात, त्यानंतर बँक आणि फोन. रहिवासी कर १ जानेवारीला जिथे नाव असेल त्या शहराला जातो. फेब्रुवारीत निघालात तर जूनपासूनची बिलं साप्पोरोचीच येतील, ती चुकून आली असं समजू नका.

पहिला उन्हाळा

मेपासून कपाटांची दारं दिवसा उघडी ठेवा, फर्निचर भिंतीपासून ५ सेंमी सरकवा, चामड्याच्या वस्तू महिन्यातून एकदा पुसा. आर्द्रतामापक घ्या आणि काटा ६० टक्क्यांवर गेला की यंत्र लावा. वास येईपर्यंत थांबलात तर बुरशी आधीच बसलेली असते.

वादळांचा मुख्य काळ जुलै ते ऑक्टोबर. जहाजं थांबली की दूध आणि पाव आधी संपतात, म्हणून अंदाज आल्या दिवशीच खरेदी करा, आदल्या संध्याकाळी नको. माणशी दिवसाला ३ लिटर पाणी, निदान ३ दिवसांचं, शिवाय कॅसेट स्टोव्ह, त्याचे गॅसचे डबे आणि चार्ज केलेल्या बॅटऱ्या. ऑगस्ट २०२३ मधलं ६ क्रमांकाचं वादळ माघारी वळून पुन्हा आलं आणि दोन लाखांहून अधिक घरांची वीज गेली, तेव्हा ३ दिवस म्हणजे अतिसावधपणा नव्हे. बाल्कनीतली प्रत्येक वस्तू आत घ्या, कपडे वाळत घालायची दांडीसुद्धा. खिडकीच्या खालच्या खाचेतून पाऊस उलटा आत येतो, तिथे जुने टॉवेल दाबून भरा. टब भरून ठेवा, संडासाला उपयोगी पडतो.

वारा पडल्यावर ऊन यायच्या आत गाडी, खिडक्या आणि एसीचं बाहेरचं युनिट गोड्या पाण्यानं धुवा. युनिटवर पाइपचा जोर लावू नका, पत्रे वाकतात. वरून हळू पाणी सोडा आणि पूर्ण निथळल्यावरच एसी सुरू करा.