लंगडी घालत इंग्रजी

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातली पोरं घरी तेलुगू, गल्लीत मराठी फाडफाड बोलतात; इंग्रजी म्हटलं की गप्प. म्हणून मी आधी बोलायला लावतच नाही. ऐकून हालचाल आधी, बोलणं नंतर, ही पद्धत अमेरिकेतल्या जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात मांडली.

अंगणात खडूने चौकोन आखा. एकेकात लिहा: जंप, टर्न, क्लॅप, सिट. तुम्ही शब्द पुकारा, पोराने लंगडी घालत तिथं जाऊन तसं करायचं. बाद कुणालाच करू नका. बाद केलं की ज्याला सराव हवा, नेमकं तेच पोर भिंतीला टेकून बसतं. सरावली की हुकूम त्यांनाच सोडू द्या. बाईंना ‘सिट!’ म्हणायला मिळतंय म्हटल्यावर मुकी पोरगीही खणखणीत ओरडते. एप्रिलात मात्र सकाळीच उरका, नंतर फरशी पोळते.