ओल आलेली भिंत, पुस्तके आणि आजारी माणूस
मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते, त्यामुळे ओल आलेल्या भिंतीचे काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकावे. ओल बहुधा बाहेरच्या तड्यांतून किंवा खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटींतून येते. आतून नुसता रंग मारल्यास श्रावणात पोपडे पुन्हा सुटतात. घरात अंथरुणाला खिळलेले वडीलधारे माणूस असेल, तर भिंत खरवडण्यापूर्वीच त्यांचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवून दाराला ओली चादर लावावी, कारण ती बारीक धूळ दमेकऱ्याला फार त्रास देते. नव्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारावे लागते, आणि गवंडी एव्हाना दुसऱ्या कामावर गेलेला असल्याने हे काम आपल्याकडेच येते. मी पाणी मारून झाले की सासूबाईंच्या उशाशी बसून त्यांना दहा-बारा पाने वाचून दाखवत असे. कपाटात वर्षभर पडून राहिलेली कादंबरी अशीच संपली. पुस्तकांचे कपाट मात्र त्या भिंतीला पुन्हा चिकटवू नये. मागे चार बोटे जागा सोडावी, तळाचा कप्पा रिकामा ठेवावा आणि डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, कारण त्या गोळ्यांचा उग्र वास बंद खोलीत आजारी माणसाला सोसवत नाही.