मृगाआधी उन्हाळी आळी मोडा, बुंध्याशी पाणी थांबू देऊ नका

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास लिंबू, पपई, गोडलिंब, मोगरा यांना खोल आळी, म्हणजे बुंध्याभोवती पाणी धरायचे खळगे, केलीत ते बरोबरच होतं. ४५ अंशांच्या उन्हात त्याशिवाय झाडं तगली नसती. पण तीच आळी पावसातही तशीच राहतात आणि उन्हातून वाचलेली झाडं श्रावण यायच्या आत दगावतात. दरवर्षी हेच होतं. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवा, मोठा पाऊस येण्याआधी आळी मोडा.

तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या सरींचं पाणी भेगांत मुरतं, त्यामुळे निचरा चांगला आहे असं वाटतं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी आळ्यात तुंबून राहतं. मुळांना हवा मिळत नाही, आणि फायटोप्थोरा बुरशीचे बीजाणू त्या पाण्यातूनच पोहत मुळांपर्यंत जातात. लिंबाला डिंक्या होतो, म्हणजे खोडातून डिंक गळतो, पपईचा बुंधा सडतो, वांगी-मिरचीला मर लागते.

आळं मोडताना माती बुंध्याच्या जुन्या खुणेपर्यंतच भरा आणि उतार बाहेरच्या बाजूला द्या. सालीवर माती चढली की तीही कुजते. कलमाचा जोड जमिनीच्या किमान वीतभर वर, उघडाच हवा. झाड मुळातच खोलगट लावलं असेल तर उताराच्या दिशेनं फूटभर खोल चर काढा. उन्हाळ्यात पसरलेलं पाचट बुंध्यापासून हातभर मागे ओढा. पाऊस उघडल्यावर चार-सहा तासांनीही पाणी दिसत असेल तर चर कमी पडला.

माती ओली असूनही झाड दुपारी माना टाकतं, पानं पिवळी पडतात, तेव्हाच खरा घात होतो. कुणी आणखी पाणी घालतं, कुणी दुकानदाराच्या सांगण्यावरून टॉनिकची बाटली आणतं. मुळंच कुजली तर ते घेणार कोण? आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर वीतभर उकरा आणि सुतळीएवढं मूळ चिमटीत धरून ओढा. निरोगी मूळ पांढरट आणि घट्ट असतं. कुजलेल्याची साल बोटांत सुटून येते, आत नुसता दोरा उरतो, मातीलाही आंबूस वास येतो.

मुळं कुजायला लागली असतील तर पाणी काढून द्या आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांब्याचं बुरशीनाशक) २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून ओता, मोठ्या लिंबाला चार-पाच लिटर. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) त्यानंतर १५ दिवसांनी: ५० ग्रॅम, २ किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून. दोन्ही एकदम दिलं तर तांबं ट्रायकोडर्माला मारतं.

लिंबाच्या खोडाला लावायचं बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) घरीच होतं. मोरचूद १०० ग्रॅम आणि कळीचा चुना १०० ग्रॅम, प्रत्येकी अर्ध्या लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत भिजवा, मग एकत्र करून ढवळा. लोखंडी विळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा. डिंक येत असेल तिथली साल धारदार चाकूनं निरोगी भागापर्यंत खरवडा आणि मलम जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावा. त्याच दिवशी संपवा. पावसाळा सरल्यावर पुन्हा एकदा.

नेहमीची कामं:
- वांगी, मिरची: वीतभर उंच गादीवाफ्यावरच लागवड
- वांग्याचे किडके, सुकलेले शेंडे: खुडून नष्ट करणे
- मावा, तुडतुडे: ५ टक्के निंबोळी अर्क (५०० ग्रॅम निंबोळी पावडर, १० लिटर पाणी), संध्याकाळी
- कुंड्या: खालची ताटली काढणे, छिद्र मोकळं करणे, दोन विटांवर ठेवणे
- निंबोळ्या: आता पिकून पडतात, गोळा करून सावलीत वाळवणे

शेजारी केळीचं वावर असेल तर काकडी, गिलकी, भोपळ्याचा वेल कुंपणावर चढवू नका. कुकुंबर मोझॅक विषाणू अशाच वेलांवर टिकतो आणि मावा तो केळीवर नेतो.

आमचा अंदाज असा की रात्रभर झडीनंतर सकाळी कडक ऊन पडलं, तर त्याच दिवशी अर्धमेली झाडं उघडी पडतात. त्या सकाळी परसात एक चक्कर माराच. पपईचा बुंधा अंगठ्यानं दाबल्यावर मऊ लागला आणि पाणी सुटलं तर औषधावर पैसे घालू नका. झाड मुळासकट उपटून लांब टाका आणि त्या खड्ड्यात पुन्हा पपई लावू नका.