वर्ष पुन्हा करताना किंवा कोर्स बदलताना फीची सोय कशी करावी

वाय-डी (इयर डाऊन, म्हणजे वर्ष वाया जाणे) लागला किंवा बी.एस्सी. झेपत नाही म्हणून बी.कॉम.ला जायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो भरलेल्या फीचा. यंत्रमागावर किंवा विड्या वळून चालणाऱ्या सोलापुरातल्या घरांना एका वर्षाची फी दोनदा भरणे परवडत नाही. अशा वेळी मदतीचे मार्ग आहेत. ते बहुतेकदा हुकतात ते तारीख निघून गेल्यामुळे, म्हणून पुढची कामे याच क्रमाने करा.

आधी आपली स्थिती नेमकी ठरवा. केटी (काही विषय नापास) राहूनही वरच्या वर्गात प्रवेश मिळाला असेल, तर तुमचे वर्ष पुन्हा होत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज नूतनीकरणाचाच राहतो. वाय-डी म्हणजे तोच वर्ग पुन्हा. कोर्स अर्धवट सोडून दुसरा घेणे ही तिसरी स्थिती. एक पदवी पूर्ण करून त्याच पातळीची दुसरी पदवी घेणे ही चौथी, आणि मदतीच्या दृष्टीने सर्वांत अवघड. कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर ‘सर, माझं वर्ष गेलंय’ एवढेच सांगू नका. यांतले नेमके काय झाले ते सांगा, म्हणजे उत्तरही नेमके मिळेल.

कोर्स बदलणार असाल तर प्रवेश रद्द करण्याचा अर्ज आज द्या. उद्यावर ढकललेला एकेक दिवस इथे पैशात मोजला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी अर्ज दिला तर १०० टक्के फी परत मिळते. त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, पण कमाल ५,००० रुपये कापता येतात. १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, आणि त्यानंतर काहीच नाही. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत करावी लागते. आयोग एखाद्या वर्षासाठी यापेक्षा सवलतीची तारीखही देतो: २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा ठेवला होता. म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक आधी पाहा. कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) इंजिनिअरिंग किंवा फार्मसीला गेलेल्यांची मुदत वेगळी असते, ती हे प्रवेश चालवणाऱ्या राज्य सीईटी कक्षाच्या वेळापत्रकात मिळते.

अर्ज तोंडी चालत नाही. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. मूळ गुणपत्रिका किंवा दाखला अडवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही. टाळाटाळ झाली तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी जा, मग केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात. आयोगाचे ई-समाधान पोर्टलही आहे. भांडण नको म्हणून गप्प बसणारी मुले मी पाहिली आहेत आणि मला त्याचे फार वाईट वाटते. तो पैसा त्यांच्या घरचाच असतो.

मग महाडीबीटी, म्हणजे राज्य शासनाचे शिष्यवृत्ती अर्जांचे पोर्टल. वाय-डी असेल तर त्याच वर्गाची पूर्ण शिष्यवृत्ती पुन्हा मिळेल असे धरून बजेट आखू नका. पुढच्या वर्गात गेलात की पुन्हा अर्ज करता येतो; त्यामुळे नापास झालो म्हणजे योजनाच कायमची संपली, असे समजून अर्ज सोडू नका. आजारपणामुळे परीक्षा हुकली असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लगेच, निकालाची वाट न पाहता, कॉलेजात जमा करा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, पण कोर्सच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. कोर्स बदलला असेल तर जुन्या कॉलेजकडचा अर्ज प्रलंबित नाही ना, हे तिथल्या लिपिकाकडून बघून घ्या. नाहीतर नवा अर्ज अडकू शकतो. खंड असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते आधीच तयार ठेवा.

मुलींनी आणखी एक पाहावे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळाली. कोर्स बदलताना नवा कोर्स यात बसतो का, हे प्रवेशाआधी विचारा.

आई विडी कामगार असेल तर केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर मिळते. तिचा नियम कडक आहे: आधीची परीक्षा पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण हवी, आणि एक टप्पा पूर्ण करून त्याच टप्प्याचा दुसरा विषय घेतला, जसे बी.ए.नंतर बी.कॉम., तर अर्ज बाद होतो. म्हणून कोर्स बदलायचाच असेल तर पदवी पूर्ण व्हायची वाट न पाहता आधी बदला.

क्रेडिट, म्हणजे उत्तीर्ण विषयांचे मिळालेले श्रेयांक, वाचवा. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा क्रेडिट ७ वर्षांपर्यंत राहतात. नव्या कोर्सला त्यांतले किती धरतात ते लेखी घ्या. जितके धरतील तितके विषय पुन्हा करायला नकोत.

शैक्षणिक कर्ज चालू असेल तर बँकेला वेळेत कळवा. कोर्स लांबला तर परतफेडीची सुरुवात दोन वर्षांपर्यंत पुढे नेण्याची मुभा बँकांच्या आदर्श योजनेत आहे. मात्र कोर्स मध्येच सोडला तर केंद्राचे व्याज अनुदान थांबते, वैद्यकीय कारण असेल तरच टिकते. एवढे करूनही फी एकदम भरता येत नसेल, तर प्राचार्यांकडे हप्त्यांसाठी अर्ज द्या आणि उत्पन्नाचा दाखला सोबत जोडा.